सफरचंदातलं घंटाघर

२ ऑक्टोबर, सकाळी
ठरलं. 'क्लोकहॉइस'चा उगम मीच शोधणार. क्लोक म्हणजे घंटा, हॉइस म्हणजे घर. सफरचंदाच्या बियांच्या गाभ्याला सगळं हॉलंड घंटाघर म्हणतं आणि फेकून देतं. का म्हणते, याचं कुणाला सोयरसुतक नाही. कोशवाले म्हणतात, आकार घंटेसारखा. इतकं सोपं असतं तर मी रिटायर कशाला झालो असतो? माझी थिअरी: पिकलेलं फळ हलवलं की आत बिया वाजतात.
२० तारखेला शेजारच्या डिर्कियेचा वाढदिवस. आधी थिअरी जाहीर करायची, मग लग्नाचं विचारायचं. सफरचंदाच्या बागेत एकटी राहणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

५ ऑक्टोबर
तिच्या बागेत प्रयोग. अख्खी पेटी कानाशी हलवली. एकही वाजलं नाही. खात्रीसाठी सगळी कापली. डिर्किये म्हणाली, "अहो रोलोफ, ही विकायची होती!" चला, संशोधनात रस घेतेय.

९ ऑक्टोबर
कॉफीला कधी येऊ, विचारलं. तिने डायरी चाळली. हा आठवडा भरलेला. पुढचाही. लाजते बिचारी. दाराशी भलेमोठे पुरुषी बूट होते. चोरांना धाक म्हणून ठेवले असणार. हुशार आहे.
उद्यापासून गोड बंद. लग्नात कोट बसला पाहिजे.

१० ऑक्टोबर
अ‍ॅपल टार्ट, क्रीमसकट. अभ्यासाचा भाग.

१४ ऑक्टोबर
एक वाजलं!! निदान डाव्या कानाला तरी. कुंपणावरून डिर्कियेला थिअरी सविस्तर सांगितली. म्हणाली, "मला यात काडीचा रस नाही, आणि पाय दुखायला लागले." परक्या माणसाशी कुणी इतकं मोकळं बोलत नाही.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी
खुर्च्या गोल मांडलेल्या. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन त्याच्या प्रत्येक माणसाचं करतात; त्या रीतीप्रमाणे दारापासून एकेकाशी हात मिळवत गेलो. डिर्कियेच्या लेकीला म्हटलं, अभिनंदन, आईच्या वाढदिवसाचं. बहिणीला, अभिनंदन, बहिणीच्या वाढदिवसाचं. शेवटच्या खुर्चीत एक धिप्पाड गृहस्थ केकचा दुसरा तुकडा खात होते. हात धरून म्हटलं, "अभिनंदन, तुमच्या..." आणि अडलो. नातंच माहीत नव्हतं.
लेक म्हणाली, "होणाऱ्या बायकोच्या म्हणा ना, काका! टोनिस उन्हाळ्यापासून इथेच तर राहतात."
सगळे बघत होते. हात अजून त्यांच्या हातात. मग मी वाक्य पूर्ण केलं.
खुर्चीत बसलो. फार वाईट वाटलं. थिअरीचा कागद खिशातच राहिला. तेवढ्यात उशिरा आलेल्या एका बाई सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आल्या. मी कोण, ते त्यांनी डिर्कियेला विचारून घेतलं.
"अभिनंदन हं," त्या म्हणाल्या, "तुमच्या शेजारणीच्या वाढदिवसाचं."