चार इंच लांब डावी बाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा शिवणकाम (आता बंद), लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे वाचन मापाच्या चिठ्ठ्या आणि पुड्यांचे कागद यांवर झाले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका माझ्या आणि मजकूरही माझाच. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी मुलाला. गॅलरीचे दार दमट दिवसांत फुगते. ते यंदा तासून घेतो, असे तो सलग नऊ वर्षे सांगत आला आहे. स्वतःचे झाल्यावर तरी तासावे.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीन मुलीला. मशीन कापड उजवीकडे ओढते, तेव्हा हात हलका ठेवावा. वरच्या मजल्यावरच्या काकांना काहीही नाही. कुंड्यांचे पाणी माझ्या धुतलेल्या चादरींवर सोडून ते दर वेळी लक्षात आलं नाही म्हणतात. आता लक्षात यावे म्हणून इथे नोंद केली.

कलम ३. टीव्ही सूनबाईला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला सहा आठवडे खुर्चीत बसवले. मी घरातल्या प्रत्येकाच्या कामात खुसपट काढू लागले, तेव्हा तिने एक जुनी मालिका लावून दिली. अंतराळयानाची, पस्तीस वर्षांपूर्वीची. आई, दोन भाग बघा, नाही पटलं तर बंद करू, म्हणाली. मी नाक मुरडले. यानाच्या कप्तानबाईने अख्ख्या प्रवासात एकदाही कपडे बदलले नव्हते. तरी चार दिवसांत चौदा भाग संपवले. ताट पुढ्यात निवून जाई. रिमोट लपवून ठेवण्याची पाळी सूनबाईवर आली.

चौदाव्या भागात यानाचे दार उघडते, बाहेरून एक हात आत येतो आणि संपते. मी म्हटले, पुढचा लाव. ती म्हणाली, पुढचा नाहीच. बघणारे मिळाले नाहीत म्हणून मधेच बंद पाडली. त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिचा काही दोष नव्हता. सबब टीव्ही तिला.

कलम ४. हे कटरबाईबद्दल.

नवव्या भागात यान एका ग्रहावर उतरते. तिथली माणसे राखाडी कोट घालून रांगेत उभी असतात. त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा लांब, त्या हाताने ती म्हणे दुसऱ्याच्या मनातले ऐकतात. मी सूनबाईला चित्र थांबवायला सांगितले. ते कोट आमच्या कारखान्यातले होते.

तिथे मी शिलाईच्या ओळीची प्रमुख होते आणि कटिंगच्या टेबलावर कटरबाई. कापड कापायला मला तिनेच शिकवले. बेचाळीस कोटांची ऑर्डर आली, कशासाठी ते कोणी सांगितले नाही. मापाची चिठ्ठी तिच्याकडे गेली. पहिल्या बारांना बाह्या लागून ते रवाना झाले त्या आठवड्यात मी रजेवर होते. परत येऊन बघते तर टेबलावर तीस डाव्या बाह्या, सगळ्या चार इंच लांब. ती म्हणाली, चिठ्ठीत तसंच होतं. चिठ्ठी सापडली नाही. मी मालकांसमोर म्हणाले, "हिचं हल्ली कामात लक्ष नसतं." वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे, कारण ते माझे आहे.

त्या बाह्या मी स्वतः बसून छाटल्या आणि उजव्यांच्या बरोबरीला आणल्या. तीसही कोट परत आले. सोबतच्या कागदावर दोनच शब्द होते: बाह्या चुकल्या. मालकांनी ते कटरबाईला वाचून दाखवले आणि त्याच दिवशी तिला काढून टाकले. मी मान डोलावली.

तेव्हापासून ती घरी बसून लोकांच्या पॅंटचे पाय आखूड करून देते. राहते दोन गल्ल्या पलीकडे. समोरून दिसली की मी रस्ता बदलते. पूर्वी ती बदलत असे, पण तिचे गुडघे माझ्याआधी गेले.

त्या ग्रहावर माणसे बाराच. मी मोजली. सूनबाई म्हणाली, एवढा मोठा ग्रह आणि डझनभर माणसं, कोण बघेल. मालिका माझ्यामुळे बंद पडली असे माझे म्हणणे नाही. तीस माणसे कमी पडली, ती माझ्यामुळे.

सबब माझी दहा इंची कात्री कटरबाईला द्यावी आणि देताना हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५ (मागाहून जोडलेले). वरचे लिहून झाल्यावर लक्षात आले की कटरबाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. ती आधी गेली तर वाचून दाखवायचे कोणाला? वकीलबाई म्हणाल्या, पर्यायी व्यक्ती नेमता येते. पर्यायी व्यक्तीची नोकरी मी घालवलेली नव्हती. म्हणून आज सकाळी सूनबाईला तिच्याकडे धाडले.

ती आली. दारात उभी राहून म्हणाली, मरायला टेकली असशील तर बसते. मी म्हटले, अजून नाही. तरी बसली. नववा भाग लावला. रांग आली तशी ती पुढे सरकली, चष्मा पुसला आणि परत लावायला सांगितले. असे तीनदा. मग मी कलम ४ तिच्या हातात दिले. ओळीखाली बोट धरून तिने ते सावकाश वाचले. मी खिडकीबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखे काही नाही.

"मला वाटायचं, चिठ्ठी मीच चुकीची वाचली," ती म्हणाली. "अजून प्रत्येक पॅंट दोनदा मोजते मी."

मी म्हटले, चूक माझी होती. ती म्हणाली, वाचलं मी. आणि सहीसाठी येऊन बसलेल्या वकीलबाईंना विचारले, साक्षीदार कोण आहे?

वकीलबाईंनी समजावले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, शिवाय साक्षीदाराचा संबंध फक्त सहीशी असतो, मजकुराशी नाही.

"माझा मजकुराशी आहे," कटरबाई म्हणाली. "कात्री खोडा. सही मी करणार."

सबब कलम ४ मधली कात्री रद्द, ती सूनबाईला. बाकी मजकूर कायम. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: माझे घर, खिडकीजवळ, मशीनच्या फळीवर कागद ठेवून. आज शनिवार, सकाळचे साडेअकरा. तारखेचा शिक्का वकीलबाई मारतील.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा चष्मेवाला. (सही) दुकान उघडे टाकून आलो आहे.

साक्षीदार दुसरी: कटरबाई. (सही) हिने माझ्यासमोर सही केली. बाह्या चिठ्ठीप्रमाणेच कापल्या होत्या. नवव्या भागात उजवीकडून तिसऱ्या कोटाची कॉलर वाकडी बसली आहे, ते शिलाईचे काम.