बिनखुणेची कुदळ

पिंपरी, गुरुवार, ७ नोव्हेंबर १९५७

कारखान्याच्या वसाहतीत येऊन दोन महिने होत आले आणि आज प्रथमच मी एकटी गावात गेले. परसातल्या कुदळीचे टोक पार झिजले आहे; ते लोहाराकडून नवे करून घ्यायचे होते. तेथे कुदळींचा ढीगच पडला होता. प्रत्येकीवर त्या त्या घराची खूण ठोकलेली: कुठे फुली, कुठे चांदणी.

भाता ओढता ओढता लोहारीणबाईंनी विचारले, "ताई, तुमची खूण कंची?"

"आमची... नाही."

"ऱ्हाऊ द्या मग. बिनखुणेची ती क्वार्टरवाल्यांची. चुकायची न्हाई."

खोळंबलेल्या बायका हसल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, तरीही ते हसू अजून कानात आहे.

आपली खूण काय असावी? वाटेत बेलाचे पान सुचले. मागे फिरून सांगावे म्हणून वाक्यही जुळवले. पण त्या बायका तेथेच असतील, या विचाराने पाय वळले नाहीत. परीक्षेत पानेच्या पाने लिहिणारी मी. मला एवढे एक वाक्य बोलता येऊ नये?

जेवताना आईने विचारले, "एवढ्या ढिगात आपली ओळखता येईल ना गं?"

"सहज येईल," मी म्हटले.