चार बोटं

प्रिय ठमे,

या पाकिटात तुला तीन गोष्टी सापडतील. हे पत्र, तू पाठवलेले घटस्फोटाचे कागद आणि एक किल्ली. कागदांवर त्याने सही केली आहे. मंगळवारी दुपारी शेडवर येऊन त्याने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि तुझ्यापर्यंत पोचवायला सांगितलं. टपालावर त्याचा विश्वास नाही, आणि तुझ्या दारात यायची हिंमत नाही. आता फक्त तुझी सही राहिली. ती केलीस की तुमचा संसार संपला. म्हणून माझं एवढंच ऐक, आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग पेन हातात घे. मला नमनाला घडाभर तेल लागतं हे तू लहानपणापासून म्हणत आली आहेस. आज तर ते तेल संपूच नये असं वाटतंय, कारण संपलं की मुद्द्यावर यावं लागेल.

तो कसा आहे हे तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. एका गोदामात खोकी रचतो. वेल्डिंगचं काम त्याला तीन वर्षांत कुणी दिलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही. खंगलाय. कागद ठेवून झाल्यावर तो जरा वेळ शेडमध्ये उभा राहिला, सवयीने एका जुन्या लोखंडी डब्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि मग चोरी करताना पकडल्यासारखा हात खिशात घातला. मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. माझं मात्र बरं चाललंय. लोक अजून होड्या लावायचे, हवाबंद डब्यांवर तरंगणारे धक्के माझ्याकडून आखून घेतात. चांगल्या माणसाला मेहुणा नडला, असं माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो.

तुला बाबांची ती परीक्षा आठवते का? नवा धक्का पाण्यात सोडला की घरचे, दारचे, कारखान्यातले, जो सापडेल तो धरून आणायचा आणि सगळ्यांना एकाच कडेला दाटीवाटीने उभं करायचं. बाबा होडीतून यायचे आणि पाणी आणि फळी यांच्यामध्ये हात आडवा धरायचे. चार बोटं कोरडी राहिली तर धक्का पास. तीन राहिली तर सगळं परत वर काढायचं. पाण्याला आपली आकडेमोड वाचता येत नाही, म्हणायचे. तू आईच्या पदराला धरून उभी राहायचीस आणि मुद्दाम उड्या मारायचीस. पुढे तो कामाला आला, पहिल्याच दिवशी त्यालाही रांगेत उभं केलं, नेमका तुझ्या शेजारी. तुला जागा द्यायला म्हणून गृहस्थ एक पाऊल मागे सरकले आणि सरळ पाण्यात. तुला हसून हसून उचकी लागली होती. बाबा म्हणाले होते, धक्का पास, वेल्डर नापास. त्यानंतर दर परीक्षेला तू न बोलावता यायला लागलीस, तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं. लग्नानंतर तो माझ्या माघारी मला उंटावरचा शहाणा म्हणायचा आणि तू ते इमानदारीने माझ्यापर्यंत पोचवायचीस. किती हसायचो गं आपण.

तू शिकवायचीस त्या शाळेचा धक्का काढला तेव्हा आई-बाबा दोघंही नव्हते. एकेका मुलाने वल्हवायच्या त्या छोट्या होड्या. त्यात बसणारा जवळजवळ पाण्याच्याच पातळीला बसतो, म्हणून धक्का बुटका हवा, नाहीतर पोराला वरून उडी मारावी लागते. मी तो इतका बुटका आणि सडपातळ काढला की कागद भिंतीला लावून मीच बघत बसायचो. बहिणीच्या शाळेचं काम, जरा मिरवायचंही होतं. परीक्षा बाबांसारखीच घेतली. आम्ही सात जण कडेला उभे राहिलो आणि हात लावायला होडीतून तुझा नवरा गेला. त्याने हात लावला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघितलं. दोन बोटं. ठमे, तू त्या दिवशी वर्गावर होतीस, म्हणून तुला हे माहीत नाही. तो म्हणाला, दोन्ही बाजूंना डब्यांची एकेक ओळ वाढवू, आठ दिवसांत जोडून देतो. मी म्हटलं की उद्घाटन शनिवारी आहे, आणि डबे वाढवले की धक्का उंच होईल, रुंद होईल, सगळा घाट बिघडेल. आम्ही मोठे सात होतो, तिथे मुलं चढणार. एका वेळी बारा मुलं, अशी पाटी लावू की झालं. तेव्हा तो म्हणाला, “पोरं पाटी वाचून धावत नाहीत, दादा.” मी हसलो. डबे तू जोड आणि आकडे माझ्यावर सोड, असं त्याला सुनावलं. त्याने माझं ऐकलं, कारण मी तुझा मोठा भाऊ.

शनिवारी तू एकतीस मुलं घेऊन आलीस. पाटी रंगवून आली होती, पण ठोकायला वेळ झाला नाही, म्हणून ती माझ्या खोलीच्या दारामागे उभी होती. अजून तिथेच आहे. मी दार पूर्ण उघडत नाही. सगळ्यांना एकदम का जाऊ दिलं, असं तू तीन वर्षं स्वतःला विचारते आहेस ना? अगं, तुला कुणी आकडा सांगितलाच नव्हता. ज्याने सांगायचा तो मी काठावर उभा राहून तुमच्या मुख्याध्यापकांकडून कौतुक ऐकत होतो. पहिली होडी वळून परत येताना दिसली आणि सगळी पोरं तिच्या बाजूला धावली. कड पाण्याखाली गेली, पलीकडची वर उचलली गेली आणि फळ्यांवरून पोरं घसरली. तीस वाचली. हजेरीला “हजर” न म्हणता “आले बाई” म्हणणारी तुझी ती बुटकी मुलगी धक्क्याखाली सापडली. तिच्या आईचा तो आवाज तूही ऐकलास आणि मीही. तो माझ्या कानातून जात नाही, आणि जाऊही नये.

दुसऱ्या दिवशी क्रेनने धक्का बाहेर काढला. साखळी उजव्या कोपऱ्यातल्या डब्यावर करकचली आणि सांधा उकलला. माझ्या डोळ्यांदेखत, हवेत. चौकशीचे साहेब तासाभराने आले, त्यांना फट दिसली. सांधा फुटला, डब्यात पाणी शिरलं, म्हणून धक्का कलला, असं त्यांनीच मनाशी जुळवलं आणि मला विचारलं. मी म्हणालो, “असू शकेल.” दोनच शब्द, ठमे. तेवढ्यावर त्याचा धंदा गेला, नाव गेलं, आणि त्याच संध्याकाळी तू त्याच्या घरातून बॅग उचलून माझ्याकडे आलीस. त्याच्या हातांनी माझं पोर मारलं, म्हणत माझ्या खांद्यावर रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ना, ते मी तीन वर्षं रोज गिळतोय. आठवडाभराने तो मला भेटायला आला. मला वाटलं गळा धरेल. धरला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “आई-बाबा नाहीत तिला. तुम्हीही मनातून उतरलात तर ती कुणाकडे जाईल, दादा?” आणि मी, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस, त्याच्या न बोलण्याचं हे दान निमूट पदरात घेतलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. काल चौकशीच्या ऑफिसात जाऊन मी सगळं लिहून दिलं. दोन बोटं, पाटी, क्रेन, सगळं. माझं काय व्हायचं ते होईल, त्याचं मला काही वाटत नाही. त्याने ती मुलगी परत येत नाही. पण ते साहेब येण्याआधी, त्या एका तासात, मी त्या फटीतून टॉर्च मारून आत बघितलं होतं, ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. शेवटचा पत्रा बसवण्याआधी तुझा नवरा डब्याच्या आत खडूने काहीतरी लिहायचा. मला वाटायचं नंबर असेल. आत “ठमी” लिहिलेलं होतं. स्वच्छ, पांढरं, वेलांटीसुद्धा पुसली नव्हती. आत पाण्याचा थेंब गेला नव्हता. रोज ओल्या फडक्याने फळा पुसणाऱ्या बाईला मी आणखी काय समजावून सांगू? तो डबा शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. मला तो फेकता आला नाही आणि दाखवताही आला नाही. किल्ली त्याच शेडची आहे. टॉर्च घेऊन जा, आत बघ, आणि मग कागदांवर काय करायचं ते ठरव. मी तिथे नसेन. खाली “तुझाच” लिहितोय, कारण दुसरं काही लिहायला हात वळत नाही. खोडायचं असेल तर तू खोड.

तुझाच
दादा