व्हॉल्व्हचे चाळीस सेकंद

शनिवार, वॉटफर्ड

इथल्या मराठी मंडळाच्या 'जुना रेडिओ' संध्याकाळसाठी काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ सेट मी एकट्याने, पुस्तकं वाचून दुरुस्त केला. शेजारच्या खोलीतल्या माझ्या छोट्या ट्रान्समीटरवरून गाणं, नाटिका, क्रिकेटची कॉमेंट्री असं रेकॉर्डिंग फिरून फिरून त्यावर यायचं होतं. व्हॉल्व्ह तापायला चाळीस सेकंद लागतात, हे सेक्रेटरी नीलिमाला दोनदा सांगितलं होतं.

सेट चालू केला. दहाव्या सेकंदाला कोणीतरी ओरडलं, "काका, वायफाय गेलं का?" हॉल हसला. नीलिमाने तेच रेकॉर्डिंग फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. "अहो, लोक थांबत नाहीत!"

चाळीस सेकंद! मी तिला अडवायला हवं होतं.

सगळे गेल्यावर स्पीकर बंद केला, तर सेटवर कॉमेंट्री चालू, अगदी स्वच्छ. तो सगळा वेळ बोलत होता. मीसुद्धा ऐकलं नाही.