एका अंगात एकच ताप

४ जुलै, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. थोडक्यात. भावना वगळून.
सासऱ्यांना काल आमच्याच वॉर्डात दाखल केलं. ताप, हुडहुडी, डोकं फुटतंय म्हणतात. निवृत्त भूमापक. जमीन मोजणं संपलं तरी हिंडणं संपलेलं नाही. पक्षी बघायला दुर्बीण घेऊन गवतात, झुडपांत शिरतात. बायको म्हणाली, दुसऱ्या कुणाकडे देऊ या का बाबांना? घरच्या माणसाला तपासताना हात अडखळतो. माझा अडखळत नाही, म्हणालो.
पुढच्या महिन्यात परिषदेत माझं भाषण आहे. विषय: एक रुग्ण, एक निदान. केस आपल्या पायांनी चालत आली.

४ जुलै, दुपार
तपासलं. नाडी, जीभ, डोळे. छाती शर्टावरूनच ऐकली. सासऱ्यांना कपडे काढा कसं म्हणायचं? लग्नाआधी याच माणसाने मला तासभर उभं ठेवून प्रश्न विचारले होते.
कापड पातळ होतं. सगळं नीट ऐकू आलं.

५ जुलै
मलेरिया. रक्ताच्या स्लाइडवर स्पष्ट दिसतोय. गोळ्या सुरू. पलंगाच्या पाटीवर निदान मी स्वतः लिहिलं, मोठ्या अक्षरांत. बाकीच्या तपासण्या रद्द केल्या. सापडल्यावर शोधत राहणं हा स्वभावदोष आहे. भाषणात हे वाक्य घालणार.

७ जुलै
ताप उतरत नाही. गोळ्यांना वेळ द्यावा लागतो. मी शांत आहे. वॉर्डात चार चकरा झाल्या, त्या इतर कामांसाठी.
राउंडला मॅडम आल्या. आमच्या विभागप्रमुख. डेंग्यूचं पाठवलंत का, म्हणाल्या. मी म्हणालो, मलेरिया सापडलाय. त्या म्हणाल्या, छान, मग आता डेंग्यू शोधा.
पाठवलं. त्यांचं मन राखायला.

८ जुलै
डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्यात.
म्हणजे मलेरिया नव्हता. स्लाइडवर डाग असणार. पाटी पुसली, डेंग्यू लिहिलं. मलेरियाच्या गोळ्या बंद केल्या. चूक वेळीच मान्य करणं महत्त्वाचं. (स्लाइडची चूक.)
सासरे पाटीकडे बघत म्हणाले, जावईबापू, रोग बदलला की रोगी?
विनोद करतात म्हणजे तब्येत सुधारतेय.

९ जुलै
पुन्हा हुडहुडी. पलंग हलत होता. नवी स्लाइड: मलेरिया. डाग नव्हे.
म्हणजे डेंग्यू नव्हता. टेस्ट खोटी. पाटी पुसली. गोळ्या पुन्हा सुरू. प्लेटलेट्स आता मोजू नका म्हणालो.
बायको दारात उभी होती. म्हणाली, तू बाबांना बरं करतोयस की पाटी साफ करतोयस? मी तिला तत्त्व समजावलं. एक शरीर, एक कारण. ती म्हणाली, त्यांना काही झालं ना, तर...  

१० जुलै
मॅडमनी प्लेटलेट्स पुन्हा मोजायला लावल्या. दोन्ही रोग धरून चला, म्हणाल्या.
धरले. तात्पुरते. पाटीवर डेंग्यू कंसात लिहिला.
भाषणाची सुरुवात आज चार वेळा खोडली. पेन बदललं. खुर्ची खिडकीकडे केली, मग परत फिरवली.

१२ जुलै
रक्तात मलेरिया दिसत नाही. प्लेटलेट्स चढताहेत. मी जिंकलो.
ताप मात्र आहे. श्वास जलद चालतोय. सकाळी सासऱ्यांनी मला ओळखलं नाही. मोजणीवरचा जुना माणूस समजून ओरडले, साखळी ताण! ढिली धरलीस तर सगळं माप चुकेल!
मी म्हणालो, ताणतो. हात पुढे करून उभा राहिलो. सगळ्यांसमोर. दुसरं काही सुचलं नाही.
बायको रडत होती. मी पाटीकडे बघितलं नाही.

१३ जुलै
मॅडम आल्या. खुर्ची ओढली. सासऱ्यांचा शर्ट वर केला, विजारीची नाडी सोडली. सगळं मिळून एवढंच.
कमरेवर, नाडीच्या खाली, काळी खपली. सिगारेटने भाजल्यासारखी.
स्क्रब टायफस, म्हणाल्या. झुडपांतला बारीक किडा चावतो, त्याने येतो. मग मला विचारलं, अंग कुणी बघितलं होतं यांचं? मी म्हणालो, ते स्वतःच अंग पुसून घेतात, सिस्टरनाही हात लावू देत नाहीत. आणि खपली झाकलेली होती.
मॅडम म्हणाल्या, कंबर झाकलेलीच असते हो सगळ्यांची.
औषध सुरू केलं. सासऱ्यांना वरच्या मजल्यावर आयसीयूत हलवलं. पाटीवर मॅडमनी तीन नावं लिहिली, एकाखाली एक. तरी खाली जागा उरली.
बायकोने आज जे विचारायचं ते मॅडमनाच विचारलं.

१५ जुलै
ताप नाही. श्वास बरा. परत वॉर्डात आणलं. सासऱ्यांनी दाढीसाठी आरसा मागितला. मला ओळखलं.
मी विचारलं, खपलीबद्दल बोलला का नाहीत? म्हणाले, तुम्ही शर्टावरून छाती ऐकलीत. मला वाटलं, डॉक्टर लोकांना आता कपड्यांतून दिसतंही असेल.
शेजारचा पेशंट हसला. बायकोही हसली. बाबांना दाखल केल्यापासून पहिल्यांदा. मला काही वाटलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.
तसं पाहिलं तर तीनपैकी दोन निदानं माझ्या हातून झाली. फक्त आळीपाळीने.

२३ जुलै
सासरे आमच्या घरी आले. भाषणाचा विषय सुधारला: एक रुग्ण, तीन निदानं, माझा अनुभव. मॅडमना दाखवला. म्हणाल्या, केस मी मांडते, तुम्ही स्लाइड्स पुढे सरकवा.
ते कामही जबाबदारीचं आहे.

२ ऑगस्ट
संकल्प: इथून पुढे नात्याचा संकोच नाही. पेशंट म्हणजे पेशंट.
सकाळी सासरे खोकले. संधी. स्टेथोस्कोप तळव्यात धरून गरम केला. आरशासमोर वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. खोलीत गेलो. स्पष्ट म्हणालो, शर्ट काढा. आवाज अडखळला नाही.
त्यांनी पेपर बाजूला ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, काढतो की जावईबापू. आधी मॅडमना येऊ द्या.
बाहेर बायकोने त्यांना फोन लावलाच होता.