चारशे बारा वर्तुळं

१२ मार्च, सकाळ

प्रिय चिमणे,

काल, मंगळवार ११ मार्चला, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी तू आकाशाच्या चित्रांवरची माझी चारशे बारा वर्तुळं काढून टाकलीस. वर नोंद केलीस, ‘मावशीने तपासले आहे.’ मावशी तेव्हा दातांच्या डॉक्टरपुढे बसली होती. तोंड उघडं असूनही बोलता येत नाही, असा माझ्या आयुष्यातला तो एकच अर्धा तास. नेमका तोच गाठलास!

ती वर्तुळं मी हौसेने काढली नव्हती. प्रखर ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या भिंगांत आपटत फिरतो आणि चित्रावर फिकट कडं उमटतं. प्रोग्रॅम भोळा, कड्यातले डाग दूरच्या दीर्घिका समजून मोजत सुटतो. म्हणून निवृत्त झाल्यावरही आठ महिने, खिडकीचा पडदा ओढून, एकेक चित्र बघत मी खूण करत गेले: हे मोजू नका, हेही नका. माझ्या कीबोर्डला खेटून चहाचा कप ठेवत तू म्हणायचीस, मावशी, आकाशाला ठिगळं लावत बस. बसले. फाटलंय तिथे ठिगळच लागतं, बाई.

ठिगळं निघाली आणि तुझ्या शोधनिबंधातला, वर्तुळांमुळे विरळ झालेला दीर्घिकांचा पुंजका पुन्हा दाट झाला. काय तरी योगायोग! शुक्रवारी चार वाजता ही चित्रं जगाला खुली होणार, आणि कुठकुठली माणसं माझ्या नावावर विसंबून तुझे डाग मोजणार. तुझी नोकरी कायम होणं त्या निबंधावर अडलंय, हे मला कळतं. तुझी आई गेल्यापासून तुझ्या वेण्या मी घातल्यात. घाबरलीस की तू कुणाला न सांगता कामं उरकतेस, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मग वेधशाळेच्या प्रमुखांना न लिहिता तुला का लिहिते आहे? एकतीस वर्षांपूर्वी माझ्या हातून दुर्बिणीच्या घुमटातला दिवा चालू राहिला होता. ती चौदा चित्रं वाया गेली होती, तरी घाबरून मी त्यांवर ‘ठीक’ असा शेरा मारला. तेव्हाच्या आमच्या वरिष्ठ बाईंना कळलं. त्या कुणाला बोलल्या नाहीत. टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘उद्या बारापर्यंत तूच सांग.’ कॉन्व्हेंट शाळेत शाई सांडली की सिस्टर आधी हात वर करायला लावत, तसा मी हात वर केला. यथेच्छ बोलणी खाल्ली. त्यानंतर माझ्या शेऱ्यावर कधी कुणी शंका घेतली नाही. तीच चिठ्ठी आज तुझ्या टेबलावर ठेवते आहे. शुक्रवारी, १४ मार्चला, दुपारी बाराच्या आत वर्तुळं परत लाव, ती कुणी काढली ते प्रमुखांना स्वतःच्या नावाने लिही आणि मला लेखी उत्तर दे. फोन करू नकोस; तू रडशील आणि मी विरघळेन. बारा वाजून एक मिनिटाने प्रमुखांना मी लिहीन. ते पत्र मला लिहायला लावू नकोस.

तुझीच,
दातापेक्षा तुझ्यामुळे जास्त ठणकणारी
मावशी