सहावा टाक

३० मार्च, पाडवा. बपेरा.
एस.टी.तून उतरले तेव्हा ताराबाई मामीजी दारातच उभ्या होत्या. या माझ्या नवऱ्याच्या मामी, एकट्याच राहतात. म्हणाल्या, ये बाई, घर तुझंच होय. वर्षभरात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मन भरून आलं.
डॉक्टरीणबाईंनी रोज लिहायला सांगितलं आहे. जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, नवी कशाला घ्यायची? दारू सोडून आज एकशे बारावा दिवस. माझी नंदिनी लाखांदूरला माझ्या आईकडे आहे, पाचवीत. हे वरठीला कामावर. परीक्षा झाली की तिला इथं आणतील. पण आईची अट अशी की ताराबाईंनी फोनवर 'ज्योत्स्ना धड आहे' असं सांगितलं पाहिजे. माझं सगळं त्या एका शब्दावर आहे. देवा, लाज राख.

३१ मार्च.
मामीजींचे गुडघे धरतात, म्हणून पूजा माझ्याकडे आली. देवांजवळ घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे पाच टाक मांडलेले आहेत. फळीमागे सहावा सापडला, काळा ठिक्कर, तोंड भिंतीकडे. चिंच-राखेनं घासला. ठसा बाईचा आहे. देवघरात कोणाला असं पाठमोरं ठेवू नये. पाचांच्या शेजारी बसवला आणि सहांनाही पाणी घातलं. फुलपात्रभर तीर्थ झालं. ते झाडाला ओतणं माझ्याच्यानं होत नाही. दिवसभर थोडं थोडं करून मीच घेतलं.

२ एप्रिल.
तांदूळ निवडताना मामीजी म्हणाल्या, आता मोबाइलमध्येही सांगतात का दारू ही बिमारी होय. त्यांच्या वेळी माणूस प्याला तर थकला असंल म्हणत, आणि बाई प्याली तर बाहेरचं लागलं म्हणत. आम्ही दोघी खूप हसलो. मग त्या सूप तसंच टाकून एकदम उठल्या.

४ एप्रिल.
तीर्थाला मोहाचा वास. गल्लीत घरोघरी मोहफुलं वाळत घातली आहेत, वाऱ्यानं आला असेल. पण घोट उतरला तसा घसा गरम झाला. ती ऊब मी विसरलेली नाही. उरलेलं सांडलं, चूळ भरली.
जेवताना मामीजी वाढायच्या निमित्तानं दोनदा माझ्या तोंडाजवळ वाकल्या. रोज आईशी माझ्यासमोर फोनवर बोलतात. आज अंगणात जाऊन बोलल्या.

५ एप्रिल.
विहिरीचं पाणी स्वतः काढलं. पाच टाकांवरून घातलं, हुंगलं. पाणीच. सहाव्यावरून घातलं. मोहाची.
टाकाला कोण काय लावून ठेवतं? घरात आम्ही दोघीच. मामीजींना माझी पोरगी मला मिळू द्यायची नाही काय? उघड बोलता येत नाही. फुलपात्र रिकामं करून पालथं घातलं, देवघराला कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

६ एप्रिल, रामनवमी.
कुलूप जसंच्या तसं. आत फुलपात्र सरळ, काठोकाठ भरलेलं.
मामीजींना हाताला धरून आणलं, दाखवलं. त्यांनी टाकाकडे पाहिलं आणि खालीच बसल्या. “हिचं तोंड कोणं फिरवलं?”
ती शकुंतलाबाई, त्यांची मोठी जाऊ. प्यायची. घरच्यांनी दारू बंद केली तशी थरथरायला लागली, भिंतीवर माणसं दिसायला लागली. मांत्रिक म्हणाला, बाहेरचं आहे, कोंडा. पाणी मागेल ते भूत मागतं, देऊ नका. मागच्या खोलीत कोंडली, तिसऱ्या दिवशी तिथंच मेली. कडी मामीजींनीच लावली होती. मेल्यावर ती त्या खोलीतून हाका मारू लागली, ऐकणाऱ्याच्या आईच्या आवाजात. डोमा नावाच्या धाकट्या दिरानं कडी काढली. कधी न पिणारा माणूस, महिन्याभरात पिऊन मेला. तेव्हा तिचा टाक करून भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्याला पाणी घालायचं नाही, घातलं तर प्यायचं नाही.
मी सांगितलं, ते भूत नव्हतं मामीजी, एकदम सोडली की तसं होतं, औषध असतं त्याला. मीही थरथरले होते, नर्सनं हात धरून ठेवला होता.
“तवा कोणाले माहीत होतं, बाई,” म्हणून त्या रडल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहत राहिल्या. “तू प्यालीस काय?”
मी खाली पाहिलं.

७ एप्रिल.
हात थरथरतात. घसा बसला, शब्द फुटत नाही. मामीजी म्हणाल्या, मागच्या खोलीत पड जरा, तिकडे गार आहे. आजारच होय, म्हणाल्या. पण माझ्याकडे पाठ करत नाहीत.

८ एप्रिल.
बाहेरून कडी.
कागदावर लिहून दाराखालून सरकवलं — डॉक्टरीणबाईंना फोन करा. पाणी द्या. कागद उचलला. पाणी नाही —

९ एप्रिल.
नंदिनी! अंगणात तिचा आवाज. हे न सांगताच घेऊन आले. विचारते आहे, आई कुठे. मामीजी म्हणतात, डॉक्टरीणबाईंकडे गेली.
आणि माझ्या मागून, भिंतीकडून, माझाच आवाज — “नंदिनी, ये बेटा, आई इथं आहे.”
मी तोंड उघडलं नव्हतं.
पावलं येत आहेत. धावत. हे पान फाडून दाराखाली —
नंदिनी, थांब. पहिले हे वाच. आत बोलून राहिली ती मी नाही. मी लिहून राहिली. माझं अक्षर ओळख, बेटा. बाबांकडे परत जा. कडी